उजव्या अंगानं

लग्न झाल्यापासून मी यांच्या उजव्या अंगानं चालते.
बेळगुंदीच्या बायका म्हणायच्या, बायकोनं डावीकडं असावं.
त्यांना काय सांगू,
डावीकडचं दार बंद आहे.
मी आले त्याच्या आधीपासून.

काय झालं होतं, विचारलं की म्हणायचे,
"आवाज मोठा झाला."
एवढंच. मग रताळ्याच्या वेलांकडं बघत बसायचे.

ट्रंक आली, घोंगडी आली, डिस्चार्ज बुक आलं.
बुकात तब्येतीचा रकाना: उत्तम.
सतरा वर्षं त्या उत्तम कानात
मी ओरडले नाही, एवढंच माझं शहाणपण.

यंदा पॉलिक्लिनिकातली नवी डॉक्टरीण म्हणाली,
मशीन मिळेल, पेन्शनही वाढेल कदाचित,
पण इजा नोकरीत झाली त्याचा कागद आणा.

कॅम्पातला झेरॉक्सवाला इर्शाद अर्ज टाइप करायला बसला.
"काकू, इस्पितळ कुठलं? साल?"
मी उजव्या कानात विचारलं.
हे म्हणाले, "बर्फ होतं. नर्स केरळची होती."
इर्शाद हसला नाही. म्हणाला,
या पत्त्यावर पोस्ट जात नाही, मामा.

नावं तीन निघाली.
पलटणीत यलप्पा, आधारावर यल्लप्पा, शाळेत यल्लाप्पा.
एका जादा ल साठी दीडशे रुपयांचं ॲफिडेव्हिट.
ते कन्नडात, अर्ज हिंदीत, उत्तर इंग्रजीत;
भांडण तेवढं आम्ही दोघांनी
मराठीत केलं.

रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच. आमच्या बसनं पाऊण तास.
गेटावरचं पोरगं म्हणालं, "आजोबा, पास?"
त्या गेटाच्या दगडांना यांनी एकेकाळी चुना लावलाय.
पण हे काही बोलले नाहीत.
हात आपोआप पँटच्या शिवणीला गेले
आणि पास लिहून होईपर्यंत तिथंच राहिले.

पहिलं पत्र एकोणीस दिवसांनी:
मुदत संपल्यानं कागद नष्ट.
कुणी तरी, कुठल्या तरी आवारात,
माझ्या नवऱ्याचा ताप जाळला होता.
मी पुन्हा लिहिलं. इर्शादनं पैसे घेतले नाहीत.
पुन्हा लिहिलं. घेतले.

रताळी काढायच्या दिवसांत जाड पाकीट आलं.
हाताला माती, म्हणून सुगंधानं फोडलं.
कुठल्याशा इस्पितळाच्या कपाटातून निघालेली तीन पानं,
झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला काळी.
वजन अठ्ठावन्न. ताप एकशे तीन.
डावा कान, पडदा फाटलेला.
"मिळालं की गं," मी म्हणाले, "हेच पाहिजे होतं."

तिसऱ्या पानावर रात्रपाळीच्या नर्सचं अक्षर.
पेशंट अस्वस्थ. सारखं एकच बोलतो.
भाषा कळत नाही.
आणि पुढं तिनं, जसं कानावर पडलं तसं,
इंग्रजी अक्षरांत उतरवून ठेवलेलं.
अकरा वाजता. एक वाजता. अडीचला. चारला.

सुगंधानं इंग्रजी समजून वाचलं.
"मज्या दव्या अंगला मदू है. मदूला बगा आदी."
"हे काय गं, औषध आहे?"

मी तिला पुन्हा वाचायला लावलं, हळू.

माझ्या डाव्या अंगाला म्हादू हाय.
म्हादूला बघा आदी.

इतक्या वर्षांत या घरात
म्हादू हे नाव कुणी घेतलं नव्हतं.

पाट्यांवर रताळी तशीच पडलेली.
हे उंबऱ्यावर बसून विळा पुसत होते.
"काय लिवलंय?" मोठ्यानं विचारलं,
त्यांना वाटतं आपण हळू बोलतोय.

उजव्या कानाशी जाऊन
पडदा फाटला होता, तेवढं सांगितलं.
ते मान हलवून म्हणाले, "व्हय, ठाऊक हाय."

मग मी उठले
आणि पहिल्यांदाच यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसले.
बोलले काही नाही. तिकडून ऐकू गेलंही नसतं.
त्यांनी विळा खाली ठेवला,
थोडं सरकून जागा दिली,
माझ्याकडं न बघता.

उद्या नऊच्या बसनं जायचंय.
रकाना अकरा भरायचा राहिलाय:
इजेच्या वेळचा साक्षीदार, असल्यास.